हेगचं दार कधी उघडतं? आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची हद्द समजून घेताना

११ मार्च २०२५. हाँगकाँगहून आलेलं विमान मनिलाला उतरलं आणि फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांना विमानतळावरच पोलिसांनी ताब्यात घेतलं. त्याच रात्री त्यांना दुसऱ्या विमानात बसवून नेदरलँड्समधल्या हेग शहराकडे रवाना करण्यात आलं. अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत पडलेल्या मुडद्यांचा जाब त्यांना तिथल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात द्यायचा होता.

बातमी वाचून बहुतेकांना पडलेला प्रश्न अगदी रास्त होता. फिलिपिन्स २०१९ सालीच या न्यायालयातून बाहेर पडला होता, मग ही अटक झाली कशी? त्याच्या मागोमाग आणखी प्रश्न येतात. रशिया सदस्य नाही, तरी पुतिन यांच्यावर वॉरंट निघतं. सीरियाही सदस्य नाही, पण तिथे इतकी वर्षं रक्त सांडत असताना न्यायालय काहीच करत नाही. हा कसला न्याय?

राजकारण यात आहेच, ते मी नाकारणार नाही. पण राजकारणाच्या आधी एक कोरडा कायदेशीर प्रश्न उभा असतो: हे प्रकरण या न्यायालयाच्या हद्दीत येतं का? कायद्याच्या भाषेत याला ‘अधिकारक्षेत्र’ म्हणतात. आपण हद्द म्हणू. गुन्हा कितीही भयंकर असो, हद्दीबाहेरचा असेल तर न्यायाधीशांना हात लावता येत नाही. ही हद्द कशी आखली आहे ते कळलं की वरच्या सगळ्या कोड्यांची उकल होते.

हेगमधली दोन न्यायालयं

हेगमध्ये दोन मोठी न्यायालयं आहेत आणि बातम्यांत त्यांची सतत सरमिसळ होते. एक ‘आंतरराष्ट्रीय न्यायालय’. ते संयुक्त राष्ट्रांचं अंग आहे आणि तिथे देश विरुद्ध देश असा दावा चालतो. रोहिंग्यांच्या वंशसंहाराबद्दल गांबियाने २०१९ मध्ये म्यानमारला खेचलं, ते तिथे.

दुसरं ‘आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय’. इथे आरोपीच्या पिंजऱ्यात माणूस उभा राहतो, कारण देशाला तुरुंगात टाकता येत नाही. हे संयुक्त राष्ट्रांचा भाग नाही. १७ जुलै १९९८ रोजी रोममध्ये झालेल्या करारातून ते जन्माला आलं. मतदानात १२० देश बाजूने होते, ७ विरोधात आणि २१ तटस्थ. तटस्थांमध्ये भारतही होता. १ जुलै २००२ पासून करार अमलात आला. आज सव्वाशेच्या आसपास देश सदस्य आहेत. अमेरिका, रशिया, चीन, भारत आणि इस्रायल नाहीत. यापुढे ‘न्यायालय’ म्हटलं की हेच समजावं.

अधिकार स्वतःचा नाही, मुखत्यारीचा

या न्यायालयाला सैन्य नाही, पोलीस नाहीत आणि स्वतःची जमीनही नाही. मग खटला चालवण्याचा हक्क कुठून आला?

प्रत्येक देशाकडे दोन जुने, निर्विवाद हक्क असतात. पहिला, आपल्या भूमीवर घडलेल्या गुन्ह्याचा खटला चालवण्याचा. परदेशी पाहुण्याने तुमच्या देशात खून केला, तर त्याला तुमचेच पोलीस धरतात. त्यासाठी त्याच्या देशाची परवानगी लागत नाही. दुसरा, आपल्या नागरिकाने जगात कुठेही गुन्हा केला तरी त्याला जाब विचारण्याचा.

रोम करारात सामील होणारा देश हे दोन्ही हक्क काही विशिष्ट गुन्ह्यांपुरते न्यायालयाच्या हाती देतो. मुखत्यारपत्रच म्हणा ना. मालक परगावी असेल तर मुखत्यार त्याच्या वतीने व्यवहार करतो, पण मालकाच्या नावावर नसलेली जमीन मुखत्याराला विकता येत नाही. कायद्याच्या अभ्यासकांमध्ये या मांडणीच्या बारकाव्यांवर वाद आहेत. तरी सामान्य वाचकाने एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचं सगळं सोपं जातं.

कोणते गुन्हे?

फक्त चार. वंशसंहार, म्हणजे एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट नष्ट करण्याच्या हेतूने केलेली कृत्यं. मानवतेविरुद्धचे गुन्हे, म्हणजे नागरिकांवरच्या व्यापक किंवा पद्धतशीर हल्ल्याचा भाग म्हणून झालेले खून, छळ, बलात्कार, हद्दपारी. युद्धगुन्हे, म्हणजे युद्धाचे नियम मोडणारी गंभीर कृत्यं. आणि आक्रमण, म्हणजे एका देशाने दुसऱ्यावर बेकायदा हल्ला चढवण्याचा त्याच्या सूत्रधारांनी केलेला गुन्हा. दहशतवाद, भ्रष्टाचार, तस्करी यांना या यादीत स्वतंत्र जागा नाही. गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षं पूर्ण नसलेल्यावर इथे खटला चालत नाही.

जमीन, झेंडा आणि पासपोर्ट

आता खरी मेख. गुन्हा सदस्य देशाच्या भूमीवर घडलेला असावा, किंवा आरोपी सदस्य देशाचा नागरिक असावा. दोन्हींपैकी एक पुरेसं आहे.

इराक सदस्य नाही, ब्रिटन आहे, अमेरिका नाही. समजा इराकमधल्या एकाच कोठडीत एक ब्रिटिश आणि एक अमेरिकन सैनिक कैद्याचा छळ करतात. ब्रिटिश सैनिक त्याच्या पासपोर्टमुळे हद्दीत येतो, अमेरिकन येत नाही. इराकमधल्या ब्रिटिश सैनिकांच्या वर्तनाची प्राथमिक पडताळणी न्यायालयाच्या अभियोक्त्यांनी (म्हणजे तपास करून आरोप ठेवणाऱ्या, सरकारी वकिलासारख्या अधिकाऱ्यांनी) खरोखरच केली होती. ती २०२० च्या डिसेंबरमध्ये तपास न उघडताच बंद झाली. आता हीच कोठडी अफगाणिस्तानात हलवा. तो देश २००३ पासून सदस्य आहे, त्यामुळे तिथे अमेरिकन सैनिकही जमिनीमुळे हद्दीत येतो. न्यायालयाच्या अपील पीठाने मार्च २०२० मध्ये अफगाणिस्तानच्या तपासाला परवानगी दिली आणि त्याच वर्षी अमेरिकेने त्या वेळच्या अभियोक्त्या फातू बेन्सूदा यांच्यावर निर्बंध लादले, त्यामागचं कारण हेच.

पीडित कोणत्या देशाचा आहे, याने मात्र हद्द ठरत नाही. हे अनेकांना पटत नाही. सुरुवातीला मलाही पटलं नव्हतं. आपल्या देशाची माणसं बिगर-सदस्य देशात बिगर-सदस्य देशाच्या सैनिकांकडून मारली गेली, तर त्यांच्या मायदेशाचं सदस्यत्व इथे कामाला येत नाही.

जमीन म्हणजे केवळ मातीही नव्हे. सदस्य देशात नोंदलेलं जहाज किंवा विमान त्याच्या भूमीसारखंच धरलं जातं. ३१ मे २०१० रोजी गाझाकडे निघालेल्या ‘मावी मारमारा’ जहाजावर इस्रायली कमांडोंनी छापा घातला, त्यात मेलेले बहुतेक तुर्की नागरिक होते. तुर्कस्तान सदस्य नाही, इस्रायलही नाही. पण जहाजाची नोंदणी कोमोरोस या चिमुकल्या बेटराष्ट्रातली होती आणि कोमोरोस सदस्य आहे. त्या एका झेंड्याच्या आधारावर २०१३ मध्ये प्रकरण हेगपर्यंत पोचलं. पुढे अभियोक्त्यांनी तपास उघडला नाही, कारण त्यांच्या मते प्रकरण या न्यायालयात आणण्याइतकं गंभीर ठरत नव्हतं. हद्दीत येणं ही पहिली पायरी आहे, गांभीर्य ही वेगळी.

नाफ नदीचा काठ

या सगळ्या नियमांची कसोटी जिथे लागली ती जागा म्हणजे म्यानमार आणि बांगलादेश यांच्यामधली नाफ नदी. २०१७ च्या ऑगस्टपासून सात लाखांहून अधिक रोहिंग्या सीमा ओलांडून बांगलादेशात आले. कोणी डोंगरवाटांनी आले, कोणी लाकडी होड्यांतून नदी पार करून. त्यांची गावं पलीकडे जाळली गेली होती, माणसं पलीकडेच मारली गेली होती. म्यानमार सदस्य नाही आणि आरोप होता म्यानमारच्याच लष्करावर. जमीन नाही, पासपोर्टही नाही. दार बंद दिसत होतं.

त्या वेळच्या अभियोक्त्यांनी न्यायाधीशांपुढे एक वेगळाच प्रश्न ठेवला: हद्दपारीचा गुन्हा पूर्ण कधी होतो? घर पेटवलं, माणूस पळाला, रानात लपला, तोवर हद्दपारी झालेली नसते. तो दुसऱ्या देशात ढकलला जातो तेव्हा ती होते. होडीतून उतरून त्याचा पाय पलीकडच्या चिखलात रुततो, तेव्हा. आणि तो चिखल बांगलादेशचा आहे. बांगलादेश २०१० पासून सदस्य.

६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायाधीशांनी बहुमताने हे मान्य केलं. गुन्ह्याचा एक भाग जरी सदस्य देशाच्या भूमीवर घडला तरी पुरे, असं ते म्हणाले. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी रीतसर तपासाला परवानगी मिळाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अभियोक्त्यांनी म्यानमारचे लष्करप्रमुख मिन आंग ह्लाइंग यांच्याविरुद्ध वॉरंट मागितलं. त्यात आरोप होते हद्दपारीचे आणि छळाचे.

हत्येचा आरोप त्या यादीत नाही. कारण खून नदीच्या म्यानमारकडच्या काठावर सुरू झाले आणि तिथेच संपले. ज्या बाईचं मूल गावातच मारलं गेलं, तिने नदी ओलांडली म्हणून तिच्या हद्दपारीची दाद इथे लागू शकते. मुलाच्या खुनाची लागत नाही. मला या सगळ्या विषयात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. तरी त्या निर्णयाचं मोलही कमी लेखता येत नाही. बंद दिसणाऱ्या दाराला फट होती आणि ती कोणीतरी शोधून काढली.

“आम्ही सदस्यच नाही, मग आमच्यावर वॉरंट कसं?”

हा आक्षेप मॉस्को, वॉशिंग्टन आणि तेल अवीव या तिन्ही ठिकाणांहून येतो. उत्तर वरच्या पाहुण्याच्या उदाहरणात आहे. पुतिन यांच्यावर १७ मार्च २०२३ रोजी निघालेलं वॉरंट युक्रेनच्या व्याप्त भागातून मुलांना बेकायदा रशियात नेल्याच्या आरोपाबद्दल आहे. ज्या भूमीवरून मुलं नेली ती युक्रेनची. युक्रेन तेव्हा सदस्यही नव्हता, तो १ जानेवारी २०२५ पासून सदस्य झाला. पण करारात सोय आहे की सदस्य नसलेला देशही ‘या काळापुरती मला तुमची हद्द मान्य आहे’ असं लेखी कळवू शकतो. युक्रेनने तसं २०१४ आणि २०१५ मध्ये कळवलं होतं.

इस्रायलचा आक्षेप जास्त खोल जातो आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. पॅलेस्टाइन १ एप्रिल २०१५ पासून सदस्य आहे. गाझा, वेस्ट बँक आणि पूर्व जेरुसलेम हे न्यायालयाच्या हद्दीत येतात, असं न्यायाधीशांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये बहुमताने ठरवलं. त्याच आधारावर २१ नोव्हेंबर २०२४ रोजी नेतान्याहू आणि माजी संरक्षणमंत्री गॅलंट यांच्यावर वॉरंट निघाली. हमासचे मोहम्मद देईफ यांच्यावरही निघालं, त्यांच्या मृत्यूची खातरजमा झाल्यावर ते रद्द झालं. इस्रायल म्हणतो, पॅलेस्टाइन सार्वभौम देशच नाही, आणि इस्रायल व पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यात झालेल्या ऑस्लो करारानुसार इस्रायली नागरिकांवर खटला चालवण्याचा हक्क त्याच्याकडे नाही. मग मुखत्यारपत्र दिलं कशाचं? एप्रिल २०२५ मध्ये अपील पीठाने हा आक्षेप नीट तपासण्यासाठी खालच्या पीठाकडे परत पाठवला, वॉरंट मात्र रद्द केली नाहीत. माझ्या मते पॅलेस्टाइनला सदस्य करून घेतल्यावर सदस्यत्वाचा मूळ हक्कच नाकारणं न्यायालयाला अवघड आहे. पण प्रश्न पोरकट नाही, हेही खरं.

दार ठोठावतं कोण?

हद्दीत प्रकरण येतं, एवढ्याने तपास सुरू होत नाही. कोणीतरी दार ठोठवावं लागतं, आणि त्याचे तीन मार्ग आहेत.

एखादा सदस्य देश प्रकरण सोपवतो. युगांडाने २००३ मध्ये आपल्याच देशातल्या बंडखोरांचं प्रकरण सोपवलं. युक्रेनच्या बाबतीत २०२२ च्या मार्चमध्ये तब्बल ३९ देशांनी मिळून ते केलं. दुसरा मार्ग, अभियोक्ता स्वतःहून पुढे येतो. पण त्याला तीन न्यायाधीशांच्या पीठाची परवानगी घ्यावी लागते. केनियातल्या निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात २०१० मध्ये ती प्रथम मिळाली.

तिसरा मार्ग संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा, आणि तो बाकीच्यांहून वेगळा आहे. परिषदेने प्रकरण पाठवलं तर जमीन आणि पासपोर्ट या दोन्ही अटी गळून पडतात. सुदान सदस्य नव्हता, तरी ३१ मार्च २००५ रोजी परिषदेने दारफूरचं प्रकरण पाठवलं. त्या ठरावाच्या बाजूने ११ मतं होती, ४ देश तटस्थ होते. त्या चारांत अमेरिका आणि चीन दोघेही होते. दोघांकडेही नकाराधिकार होता, तो त्यांनी वापरला नाही. २०११ मध्ये लिबियाही असाच गेला.

सीरियाचं उत्तर इथे मिळतं. २२ मे २०१४ रोजी सीरियाचं प्रकरण पाठवण्याचा ठराव आला. पंधरापैकी तेरा देशांनी होकार दिला. रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरला आणि ठराव मेला. न्यायाधीशांनी तोंड फिरवलं नव्हतं. प्रकरण त्यांच्यापर्यंत पोचूच दिलं गेलं नाही.

तारखांचा हिशेब आणि दुतेर्ते

१ जुलै २००२ पूर्वीचं काहीही इथे येत नाही. नंतर सामील झालेल्या देशाच्या बाबतीत साधारणपणे त्याच्या सदस्यत्वाच्या तारखेपासून हिशेब सुरू होतो.

बाहेर पडणाऱ्याचं काय? देश सूचना देतो आणि ती वर्षभराने लागू होते. फिलिपिन्स १ नोव्हेंबर २०११ ला सामील झाला आणि १७ मार्च २०१९ ला बाहेर पडला. त्यामुळे तपासाचा काळ १ नोव्हेंबर २०११ ते १६ मार्च २०१९ असा आखला गेला. भाडेकरूने घर सोडलं म्हणून थकलेलं भाडं माफ होत नाही, तसंच हे.

दुतेर्तेंच्या वकिलांचा मुद्दा मात्र याहून बारीक होता. करार म्हणतो की बाहेर पडण्याआधी न्यायालयाच्या ‘विचाराधीन’ असलेली प्रकरणं चालू राहतात. प्राथमिक पडताळणी फेब्रुवारी २०१८ मध्ये सुरू झाली होती, पण रीतसर तपासाला परवानगी मिळाली सप्टेंबर २०२१ मध्ये. देश बाहेर पडल्यानंतर अडीच वर्षांनी. प्राथमिक पडताळणी म्हणजे ‘विचाराधीन’ का? ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायाधीशांनी हो म्हटलं आणि आक्षेप फेटाळला. उलट निर्णय लागला असता, तर तपासाची कुणकुण लागताच बाहेर पडायचं आणि मोकळं व्हायचं, अशी वाट प्रत्येक सत्ताधीशाला मिळाली असती.

“देशात न्यायालयं नाहीत का?”

आहेत, आणि पहिला मान त्यांचाच. हे न्यायालय शेवटचा आसरा म्हणून बनवलं आहे. देश स्वतः प्रामाणिकपणे तपास करत असेल तर हेगने मागे राहायचं. देशाची इच्छा नसेल किंवा ताकद नसेल तरच पुढे यायचं.

लिबियाच्या दोन आरोपींकडे बघा. गद्दाफींचे गुप्तहेरप्रमुख अब्दुल्ला अल-सनुसी आणि मुलगा सैफ अल-इस्लाम. लिबिया म्हणाला, दोघांवर आम्हीच खटला चालवू. सनुसी सरकारच्या ताब्यात होते आणि त्यांच्यावर कारवाई सुरू होती, म्हणून २०१३ मध्ये न्यायालयाने ते प्रकरण लिबियावर सोडलं. सैफ मात्र झिंतान शहरातल्या सशस्त्र गटाच्या कैदेत होता आणि सरकारला तो तिथून आणताच येत नव्हता. ज्याला स्वतःचा आरोपी कोर्टात उभा करता येत नाही, ते सरकार खटला काय चालवणार? त्याचं प्रकरण हेगने स्वतःकडे ठेवलं.

हद्द आहे, पण अटक कुठे?

राष्ट्राध्यक्ष असलात तरी या न्यायालयात पदाची ढाल चालत नाही, असं करारात स्पष्ट आहे. पण अटक देशांनीच करायची असते. पुतिन सप्टेंबर २०२४ मध्ये मंगोलियात गेले. मंगोलिया सदस्य आहे, तरी त्यांना मानवंदना मिळाली आणि ते परतले. पुढच्या महिन्यात न्यायालयाने मंगोलियाने कर्तव्य मोडल्याचा निर्णय दिला. आरोपी समोर नसेल तर मुख्य खटला चालत नाही, त्यामुळे प्रकरण तिथेच थांबतं.

एक उणीव मात्र अटकेची नाही, हद्दीचीच आहे. आक्रमणाच्या गुन्ह्याला २०१८ पासून वेगळे, फार कडक नियम लागू आहेत. सुरक्षा परिषदेने पाठवल्याशिवाय बिगर-सदस्य देशाच्या नागरिकावर हा आरोप ठेवताच येत नाही. म्हणजे युक्रेनमधल्या मुलांबद्दल पुतिन यांना विचारता येतं, युद्ध सुरू केल्याबद्दल नाही. ही भगदाड बुजवायला २५ जून २०२५ रोजी युक्रेन आणि युरोप परिषद यांनी स्वतंत्र विशेष न्यायाधिकरणाचा करार केला.

आणि दारफूर? सुरक्षा परिषदेने २००५ मध्ये पाठवलेल्या त्या प्रकरणात अली कुशैब या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिलिशिया म्होरक्यावर २००७ मध्ये वॉरंट निघालं. तेरा वर्षं तो हाती लागला नाही. जून २०२० मध्ये तो मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात स्वतःहून शरण आला. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायाधीशांनी त्याला २७ आरोपांत दोषी ठरवलं आणि डिसेंबरमध्ये २० वर्षांची शिक्षा सुनावली. त्याचा देश, सुदान, आजही सदस्य नाही.